सोजूच्या बाटलीत धान्य कुणाचं? कोरियाच्या दारूचा इतिहास, शेताच्या बांधावरून



आजची नोंद जरा लांबलचक आहे आणि नेहमीच्या विषयापेक्षा वेगळी आहे. सवडीनं वाचा.

हल्ली घरोघरी पोरं मोबाईलवर कोरियन मालिका बघतात. त्यात हमखास एक हिरव्या काचेची छोटी बाटली येते. वडीलधारं माणूस समोर असलं की तरुण पोरगा मान बाजूला वळवून पेला रिकामा करतो. ती बाटली म्हणजे सोजू. कोरियाची राष्ट्रीय दारूच म्हणा. आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत ती आपल्याकडंही दिसायला लागलीय, आणि तिच्या शेजारी "क्राफ्ट सोजू", "ओकच्या पिंपात मुरवलेली सोजू" अशा चौपट-पाचपट महाग बाटल्याही असतात. नाव एकच, मग किमतीत एवढा फरक का?

उत्तर शोधायला गेलं तर ते भट्टीत सापडत नाही. ते सापडतं भाताच्या खाचरात, दुष्काळात, सरकारी गोदामात आणि कराच्या कायद्यात. म्हणून ही नोंद शेतीच्या पानावर.

एक गोष्ट आधीच सांगतो. दारू प्या म्हणून हे लिहीत नाही. दारूनं बसलेली घरं आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत. पण भात, जोंधळा, ऊस, मोह, काजू पिकवणाऱ्यानं आपल्या मालाचं पुढं काय होतं आणि पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो, हे बघायला पाहिजे. त्या दृष्टीनं सोजूसारखं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

अर्क घोड्यावरून आला

तांदूळ आंबवून दारू करणं कोरियात फार जुनं. पांढुरकी, गढूळ माक्कोली ही शेतकऱ्याची दारू. लावणी-कापणीच्या वेळी बांधावर बसून प्यायची. पण आंबवलेलं पाणी तापवून, वाफ धरून, थंड करून थेंब थेंब गोळा करायचा, म्हणजे आपण ज्याला "गाळणं" म्हणतो, ते तिथं 13 व्या शतकात मंगोलांबरोबर आलं. मंगोलांच्या स्वाऱ्या 1231 ला सुरू झाल्या आणि जवळजवळ तीस वर्षं चालल्या. मंगोलांनी ही विद्या पश्चिमेकडच्या मुसलमानी मुलखातून उचलली होती.

शब्दातच पुरावा आहे बघा. अरबीत "अरक" म्हणजे घाम. भांड्याच्या थंड झाकणाला आतून जे थेंब धरतात, ते घामासारखेच दिसतात. तोच शब्द फारसीतून आपल्याकडं आला आणि मराठीत "अर्क" झाला. कोरियात केसॉंग भागात सोजूला "अराकजू" म्हणत. एकाच शब्दानं दोन दिशांना केवढा प्रवास केला! आणि "सोजू" या शब्दाचा अर्थ सरळ आहे: "सो" म्हणजे जाळलेली, "जू" म्हणजे दारू.

मंगोलांनी जपानवर 1274 आणि 1281 ला समुद्रातून स्वाऱ्या केल्या. त्या काळात कोरियात केसॉंग, आन्दोंग आणि जेजू बेट या ठिकाणी त्यांचे तळ होते. पुढं सोजूसाठी नावाजलेली गावंही हीच. म्हणजे छावणी उठली, पण भट्टी मागं राहिली.

लगेच तक्रारीही सुरू झाल्या. 1375 ला राजाज्ञा निघाली की लोक काटकसर विसरले, सोजू, रेशीम आणि सोन्याच्या भांड्यांवर पैसा उधळतात, हे बंद करा. सोजू तेव्हा रेशमाच्या रांगेत होती, म्हणजे ती गरिबाची नव्हतीच. त्याच सुमारास किम जिन नावाचा एक सेनापती आपल्या आवडत्या लोकांना घेऊन रात्रंदिवस सोजू पीत बसायचा. फौजेनं त्या टोळक्याला "सोजूवाले" असं नाव ठेवलं. जपानी चाचे चालून आले तेव्हा सैनिक म्हणाले, सोजूवाल्यांनाच लढू द्या, आम्ही कशाला? ही गोष्ट त्यांच्या राजदरबारी इतिहासात नोंदली गेलीय.

नुरुक: शेतकऱ्याच्या घरचं विरजण

आता थोडं तंत्र. कृषीवाल्या मंडळींना यात रस वाटेल.

द्राक्षात किंवा काजूच्या बोंडात साखर तयार असते. रस काढला की यीस्ट लगेच कामाला लागतं. धान्यात साखर नसते, पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च असतो. त्याची आधी साखर करावी लागते. युरोपात त्यासाठी बार्लीला मोड आणतात. कोरियात "नुरुक" वापरतात.

नुरुक म्हणजे जाडाभरडा गहू किंचित ओला करून साच्यात पायानं तुडवून केलेली वडी. ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळून काही आठवडे उबेला ठेवायची. पेंढ्यातून आणि हवेतून बुरशी, यीस्ट आणि इतर जिवाणू तिच्यात शिरतात. बुरशी स्टार्चची साखर करते, यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, आणि दोन्ही कामं एकाच रांजणात एकाच वेळी चालतात. गावागणिक गहू वेगळा, पेंढा वेगळा, हवा वेगळी, म्हणून नुरुक वेगळं आणि दारूची चवही वेगळी. आपल्याकडं घराघराच्या विरजणाची चव वेगळी असते, तसंच हे.

मग तांदूळ वाफवून मोकळा भात करायचा, गार करून नुरुक आणि पाणी घालून मातीच्या रांजणात आंबवायचा. हा तयार झालेला सडवा कढईत ओतून वर "सोजूगोरी" ठेवायची. सोजूगोरी म्हणजे मधे कंबर असलेलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं मातीचं भांडं. त्याच्या माथ्यावर थंड पाणी. वाफ वर जाते, थंड होते, आणि बाजूच्या तोटीतून थेंब पडतो.

हे काम प्रामुख्यानं घरातल्या बायकांचं होतं. आन्दोंगच्या मुलखातल्या जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी 1670 च्या सुमारास कोरियन लिपीत पाककृतींचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या कृती दारूच्या आहेत. देवकार्य, पितरांचा विधी आणि पाहुणचार यासाठी दारू लागायची, आणि ती घरात करणं हा सुनेच्या शिकवणीचा भाग होता.

पोट की पेला?

इथून खरा पेच सुरू होतो. हिशोब करून बघा.

तांदळात साधारण तीन चतुर्थांश स्टार्च असतो. सगळं नीट जमलं तर एक किलो तांदळापासून सुमारे 400 मिली निव्वळ अल्कोहोल मिळतं. जुन्या हातपद्धतीत त्याहून कमीच. आन्दोंगची पारंपरिक सोजू 45 टक्क्यांची. म्हणजे 400 मिलीच्या एका बाटलीला जवळजवळ अर्धा किलो तांदूळ लागला, गव्हाचं नुरुक वेगळं. एका क्विंटलच्या दोनशे बाटल्या. कुटुंबाचं महिन्याचं धान्य एका मेजवानीत संपू शकतं.

म्हणून जोसन राजवटीत (1392 ते 1910) पाऊस हुकला की दारूबंदीचा हुकूम निघायचा. राजा योंगजो यानं 18 व्या शतकात बंदी सगळ्यात कडक केली. राजघराण्याच्या पितरांच्या विधीतसुद्धा दारू बंद. 1762 ला युन गु-योन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला बंदी मोडली म्हणून राजानं शिरच्छेदाची शिक्षा दिली.

राजाचा हेतू समजण्यासारखा आहे. पण एक गंमत लक्षात घ्या. बंदी आली की गावातली माक्कोली लगेच पकडली जायची, कारण ती आंबट वास मारते आणि टिकत नाही. सोजू मात्र महिनोन्‌महिने टिकते, लपवता येते. ज्याच्याकडं धान्य शिल्लक, त्याच्याकडंच सोजू.

कर आला, घरची भट्टी गेली

दुष्काळातली बंदी पाऊस पडला की उठायची. पुढची बंदी उठली नाही, कारण ती पोटासाठी नव्हती, तिजोरीसाठी होती.

जपाननं कोरियावर पकड बसवली आणि 1909 ला दारूवर कराचा कायदा आणला. 1916 ला तो आणखी कडक केला. घरी स्वतःपुरती दारू करायलासुद्धा परवाना आणि कर, आणि तो कर असा की दुकानातनं आणणं स्वस्त पडावं. लहान भट्ट्या बंद पाडून मोठे कारखाने वाढवले. 1934 ला घरगुती परवाना ही सोयच रद्द झाली. हजारो घरांची हजारो नुरुकं एका पिढीत संपली. जी घरं करत राहिली, ती चोरून.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला पाहिजे. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या बंद करून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या आणल्या आणि ताडी-माडीच्या झाडांवर कर बसवला. त्यावरही मोहाची दारू थांबेना, तेव्हा 1892 ला मोहफुलांचाच कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याकडं फुलं गोळा करणं, बाळगणं यावरच निर्बंध आणले. मोहफूल हे आदिवासींचं टंचाईच्या दिवसांतलं अन्न होतं, जनावरांची पेंड होतं, औषध होतं. दारूच्या करासाठी अन्नच कायद्याच्या कचाट्यात सापडलं. राज्यकर्ते वेगळे, मुलूख वेगळा, पद्धत मात्र तीच: कच्चा माल ज्याच्या दारात, त्याच्या हातून प्रक्रिया काढून घ्यायची.

1965: तांदूळ बाद, रताळं आत

देश 1945 ला स्वतंत्र झाला, फाळणी झाली, 1950 ते 1953 युद्ध झालं. दक्षिण कोरिया उपाशी होता. अमेरिकन मदतीच्या गव्हावर लोक जगत होते. आपल्याकडच्या पीएल-480 च्या मिलोची आठवण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, म्हणजे कल्पना येईल.

1965 ला सरकारनं धान्य व्यवस्थापनाच्या कायद्याखाली सोजूसाठी तांदूळ वापरायला मनाई केली. मग कारखान्यांनी काय केलं? रताळं, उसाची मळी, पुढं आयात टॅपिओका (ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच) यांचं आंबवण करून मोठ्या स्तंभांच्या भट्टीत जवळजवळ 95 टक्के शुद्ध अल्कोहोल काढलं. या अल्कोहोलला ना वास, ना चव. त्यात पाणी आणि गोडवा घातला की झाली सोजू. गोडव्यासाठी 1989 पर्यंत सॅकरिन वापरायचे, नंतर स्टीव्हियासारखे पदार्थ.

हीच ती हिरव्या बाटलीची "पातळ केलेली" सोजू. 1965 च्या आधी 35 टक्क्यांची असायची, मग 30 झाली, 1973 पासून 25, 1998 ला 23, आणि आता 16 च्या आसपास. 360 मिलीच्या बाटलीत अल्कोहोल साठेक मिलीच. टक्का उतरवणं कंपनीच्या फायद्याचंच, कारण एका लिटर अल्कोहोलमध्ये जास्त बाटल्या भरतात.

अल्कोहोल बनवणारे कारखाने आपला माल एका मध्यवर्ती विक्री कंपनीला देतात आणि सोजूचे ब्रँड तिथूनच उचलतात. म्हणजे बाटल्यांवरची नावं वेगवेगळी, आतलं मूळ अल्कोहोल एकाच टाकीतलं म्हणा ना. त्यात टॅपिओका असेल, बार्ली असेल, सरकारी गोदामातला जुना तांदूळही असेल. शेतकऱ्याचं गाव मात्र त्यात कुठंच नाही.

1970 च्या दशकात सरकारनं "एका प्रांतात एक कंपनी" असं धोरण ठेवून कारखाने एकमेकांत मिसळले. 1976 पासून दुकानदारानं निम्मा माल आपल्याच प्रांताच्या कंपनीचा घ्यायचा, अशी सक्तीही आली. तो नियम शेवटी 1996 ला तिथल्या घटना न्यायालयानं रद्द केला.

मधे भात आला

या गोष्टीत एक पात्र आपल्या ओळखीचं आहे. 1960 च्या दशकात आपल्याकडं तायचुंग नेटिव्ह-1 आणि आयआर-8 या बुटक्या भातजाती आल्या. त्याच दोघींचं रक्त घेऊन, त्यात थंडी सोसणारी जपानी यूकारा मिसळून फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत कोरियन शास्त्रज्ञ हो मुन-ह्वे यांनी आयआर-667 तयार केली. कोरियात तिचं नाव ठेवलं "तोंगिल", म्हणजे एकीकरण. 1972 पासून ती सक्तीनंच म्हणावं इतक्या जोरात पसरवली. 1977 ला हेक्टरी सरासरी सुमारे 4.9 टन तांदूळ (साळ नव्हे, तांदूळ) निघाला आणि देश तांदळात स्वयंपूर्ण झाला.

त्याच वर्षाच्या शेवटी सरकारनं काय केलं असेल? तांदळाची माक्कोली करायला परवानगी दिली! भरल्या कणगीची ती दवंडीच होती.

पण तोंगिलचा भात लोकांना चवीला आवडला नाही. 1978 ला त्या गटातल्या नव्या जातींवर करपा पडला, 1980 च्या थंड उन्हाळ्यानं पीक झोपवलं. शेतकरी हळूहळू आपल्या जपोनिका जातींकडं परतले, आणि 1990 च्या सुरुवातीला तोंगिलची सरकारी खरेदीही थांबली. पुढं लोकांचं भात खाणंच कमी झालं, गोदामं भरली. ज्या तांदळासाठी शिरच्छेद झाला होता, त्याला आता गिऱ्हाईक शोधायची वेळ आली.

लपलेल्या भट्ट्या उजेडात

1986 ला आशियाई खेळ आणि 1988 ला ऑलिम्पिक सोलमध्ये होणार होतं. जगाला आपलं म्हणून दाखवायला दारू कोणती? पातळ केलेली? सरकारनं मग उरलीसुरली जुनी घरं शोधली आणि त्यांच्या विद्येला वारशाचा दर्जा दिला.

1986 ला मुनबेजूला राष्ट्रीय वारसा ठरवलं. ही मूळ प्योंगयांगची, युद्धात दक्षिणेला आलेल्या कुटुंबानं जपलेली. नीट ऐका मंडळी: ती राळा आणि ज्वारीपासून करायची दारू आहे. "मुनबे" म्हणजे रानटी नासपती. वास नासपतीचा येतो, पण आत नासपतीचा तुकडाही नसतो. तो वास धान्य आणि नुरुकातून येतो. 2000 साली दोन्ही कोरियांचे नेते पहिल्यांदा भेटले, तेव्हा मेजवानीत हीच दारू होती.

1987 ला आन्दोंग सोजूला प्रांताचा वारसा म्हणून मान मिळाला आणि चो ओक-ह्वा या बाईंना तिची जाणकार म्हणून नेमलं. सासर-माहेरच्या स्वयंपाकघरात जपलेली विद्या कायदेशीर झाली.

जेजू बेटाची गोष्ट आणखी वेगळी. ज्वालामुखीची सच्छिद्र जमीन, पाणी ठरत नाही, त्यामुळं भातखाचरं जवळजवळ नाहीत. म्हणून तिथली जुनी दारू राळ्याची. सोजूगोरीला तिकडं "गोसोरी" म्हणतात, म्हणून दारूचं नाव "गोसोरीसूल". जमिनीनं ठरवलेलं पीक, पिकानं ठरवलेली दारू.

कायद्यानं शेतकरी पुन्हा आत आला

आता मुद्द्याचं. वारसा म्हणून पाटी लागली तरी धंदा चालायला पाहिजे. कोरियात गाळलेल्या दारूवर किमतीच्या 72 टक्के कर आहे. आधी सोजूवर कमी आणि व्हिस्कीवर जास्त कर होता. युरोप-अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, निकाल कोरियाविरुद्ध गेला आणि 2000 पासून सगळ्यांना सारखा 72 टक्के झाला. किमतीवर कर म्हटल्यावर स्वस्त टॅपिओकावाल्याला कर कमी, चांगला तांदूळ घेणाऱ्याला जास्त. चांगल्या मालाला दंडच तो.

यावर उपाय म्हणून त्यांनी "पारंपरिक दारू" या वर्गात दोन दरवाजे ठेवले. एक, वारसाधारक आणि मानांकित कारागीर. दुसरा, शेतकरी किंवा शेती-कंपनीनं आपल्या आणि लगतच्या भागातल्या धान्य-फळांपासून केलेली दारू. या वर्गाला ठरावीक उत्पादनापर्यंत करात निम्मी सूट, आणि दारू ऑनलाइन विकायची मुभा, जी इतर दारूला नाही. 2017 पासून ती मोठ्या ऑनलाइन बाजारांतही मिळू लागली.

परिणाम बघा. 2022 ला जे पार्क या गायकानं "वॉन सोजू" काढली. वॉनजू गावचा तांदूळ, मातीच्या रांजणात मुरवलेली. स्थानिक तांदूळ आणि शेती-कंपनी म्हणून नोंद, त्यामुळं सूट आणि ऑनलाइन विक्री दोन्ही मिळाली, आणि पोरांनी रांगा लावल्या. उलट 2005 पासून बाजारात असलेली "ह्वायो" ही पूर्णपणे कोरियन तांदळाची सोजू, पण तिचा मालक भांडी बनवणाऱ्या घराण्याचा, शेती-कंपनी नाही, म्हणून ती कायद्यानं पारंपरिक नाही. यावर तिथं बराच वाद झाला. वाद राहू दे. कायद्याच्या एका व्याख्येनं कारखान्याला विशिष्ट गावचा तांदूळ शोधायला लावलं, हे आपल्या कामाचं.

पिंपाचं काय?

जुन्या कोरियात दारू मातीच्या रांजणात मुरायची. ओकचं पिंप ही पश्चिमेची गोष्ट. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप वापरायचा कायदा आहे. त्यामुळं एकदा वापरलेली पिंपं जगभर विकायला येतात. त्यातलीच काही सोजूवाले घेतात.

पिंपात दारू लाकडातून रंग, व्हॅनिलासारखा वास आणि तुरटपणा उचलते. काही भाग दर वर्षी उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत दोनेक टक्के, बेंगळुरूच्या हवेत दहा टक्क्यांच्या वर. म्हणून जुनी बाटली महाग. ह्वायोचा एक प्रकार ओकमध्ये मुरवलेला आहे. 2016 ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू होऊन पुढं कोरियात गेलेल्या "तोक्की" सोजूचाही एक प्रकार तसाच आहे.

पिंप चांगलं की वाईट? सेंद्रिय गुळाला वेलची लावली तर चव छान होते, पण मूळ गूळ कसा आहे हे कळायचं बंद होतं. तसंच इथं. पिंपानं साधी दारूही भारदस्त दिसते. म्हणून रंग बघून किंमत ठरवू नये. आधी आतलं धान्य बघावं.

बाटली हातात घेतली तर काय वाचायचं

ज्यांना परदेशी जायचा योग येतो, पाहुण्यासाठी किंवा भेट म्हणून घ्यायची असते, त्यांच्यासाठी:

1. कच्चा माल. यादीत "जुजंग" किंवा इथॅनॉल पहिलं असेल तर ती पातळ केलेली. तांदूळ, नुरुक, पाणी एवढंच असेल तर ती खरी गाळलेली. यादी जेवढी छोटी तेवढं बरं.

2. टक्का. 16-17 टक्के बहुधा हिरव्या बाटलीचा वर्ग. गाळलेल्या सोजूत 25, 40, 45 असे आकडे दिसतात. पण ह्वायोसारखी गाळलेलीही 17 टक्क्यांत मिळते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

3. गाळायची पद्धत. साध्या दाबात गाळलेली दारू दाट, भाजल्या धान्याच्या वासाची. कमी दाबात गाळली की कमी तापमानाला उकळते, चव हलकी आणि स्वच्छ. आन्दोंगची जुनी पद्धत पहिली, ह्वायो दुसरी. पहिल्यांदा चाखणाऱ्याला दुसरी सोपी जाते.

4. गाव. धान्य कुठलं, कुणी पिकवलं, हे छापलंय का? जपानमध्ये कुमाची तांदळाची, इकीची बार्लीची, सात्सुमाची रताळ्याची शोचू भौगोलिक नावानं राखीव आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009 ला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखीव असेल तर पैसा गावाकडं वळायची शक्यता तरी असते.

5. मुरवण. कशात आणि किती दिवस, दोन्ही लिहिलं असेल तर विश्वास. नुसतं "ओक" लिहून वर्षं लिहिली नसतील तर जास्त पैसे देऊ नका.

आणि हे वाचून कुणी घरी कुकर-नळी लावू नका. परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे, आणि विषारी दारूनं एका रात्रीत गावं कशी रडतात हे आपण बघितलंय.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडं फेणीला गोवा सरकारनं 2016 ला वारसा दारूचा दर्जा दिला, तोवर कायद्याच्या भाषेत ती "देशी दारू" होती. मोहफुलांच्या संकलन-साठवणुकीवरची बंधनं महाराष्ट्रानं 2021 ला सैल केली. मध्य प्रदेशानं 2022 ला मोहाच्या दारूसाठी वारसा धोरण आणून आदिवासी बचत गटांना परवान्याचा रस्ता दिला. म्हणजे 1892 चं कुलूप उघडायला सव्वाशे वर्षं लागली.

पण कुलूप उघडलं म्हणजे पैसा घरात आला असं नाही. आपल्याकडं काळी पडलेली ज्वारी, तुकडा तांदूळ, मका कारखान्यात जातात आणि त्यांचं अल्कोहोल होतं. भाव क्विंटलवर, प्रतीवर नाही, गावावर तर नाहीच. हा हिरव्या बाटलीचा रस्ता. त्यात शेतकरी फक्त स्टार्च पुरवतो, आणि उद्या टॅपिओका स्वस्त झाला की त्याला बाजूला करतात. मुनबेजूची ज्वारी आणि वॉनजूचा तांदूळ हा दुसरा रस्ता. त्यात जात, गाव आणि पिकवणारा लेबलवर येतो, म्हणून त्याला बदलता येत नाही.

हे फक्त दारूला लागू नाही. आजरा घनसाळ, आंबेमोहोर, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, कोकणातला काजू, यांचा पापड करा, पोहे करा, सिरप करा, व्हिनेगर करा, हिशोब तोच. पोत्यावरचं गाव बाटलीवर किंवा पाकिटावर पोचलं पाहिजे. कोरियाला ही गोष्ट कळायला घरची नुरुकं गमवावी लागली. आपल्याकडं अजून बरीच बियाणी, बऱ्याच आज्या आणि बरीच विरजणं जिवंत आहेत.

तुमच्या भागात कोणत्या धान्याचं, फळाचं किंवा फुलाचं आंबवलेलं काही (दारूच असं नाही, आंबील, कांजी, काहीही) जुन्या माणसांना येतं? पीक कोणतं, जात कोणती, विरजण कशाचं, हे खाली लिहा. आठवतंय तोवर लिहून ठेवू.

जय किसान.